सोसायटीच्या ट्रॉल्या जागेवर परत येईनात. परदेशातली सुपरमार्केटं हे कसं जमवतात?

वाकडकर_खजिनदार

मंडळी, प्रश्न किरकोळ वाटेल, पण आमच्या कमिटीत सध्या टँकरच्या बिलापेक्षा जास्त भांडणं यावरून चालली आहेत.

वाकडला आमची तीन विंगची सोसायटी. गाड्या बेसमेंटला. किराणा, पाण्याचे जार, गावाहून आलेली तांदळाची पोती वर न्यायला सोपं जावं म्हणून सोसायटीने ट्रॉल्या घेतल्या. मॉलमध्ये असतात तशाच, जाळीच्या. घेतल्या तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवून कौतुक केलं. आता अशी गत आहे की ज्याला हवी त्याला बेसमेंटमध्ये एकही सापडत नाही. एक नवव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये उभी आहे, तिच्यात कुणीतरी कुंड्या मांडल्यात. एक टेरेसच्या दाराशी. एकीत पोरं एकमेकांना बसवून पोडियमवर शर्यती लावतात, तिचं पुढचं चाक आता स्वतःच्या मर्जीने फिरतं. आणि कहर म्हणजे काही जण सामान उतरवून रिकामी ट्रॉली लिफ्टमध्ये ढकलतात, बेसमेंटचं बटण दाबतात आणि दार लावून मोकळे. मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबली की आत माणूस नाही, नुसती ट्रॉली. ती खाली पोचली तरी बाहेर कोण काढणार? पुन्हा वर.

करून बघितलेले उपाय: ग्रुपवर मेसेज, मग ठळक अक्षरात मेसेज, मग लिफ्टमध्ये नोटीस. वॉचमनला सांगितलं, पण गेट सोडून तो तीन विंगचे मजले फिरणार कसा? हाउसकीपिंगच्या मावशी म्हणतात हे आमच्या कामात लिहिलेलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. आता चेअरमनसाहेबांचा आग्रह आहे की दंड लावा. ट्रॉली परत ठेवली नाही की शंभर रुपये, थेट मेंटेनन्सच्या बिलात. मला ते पटत नाही, पण त्यांच्यासमोर ठेवायला दुसरं काही हाताशी नाही.

ऐकून आहे की जर्मनीत नाणं टाकल्याशिवाय ट्रॉली सुटतच नाही. तिकडे राहणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा. यंत्र नेमकं कसं चालतं? लोक खरंच एका नाण्यासाठी मागे चालत जातात का? आपल्याकडे जमेल का? फक्त "आपल्या लोकांना शिस्तच नाही" हे उत्तर नको. ते आम्हाला ग्रुपवर रोज मिळतं.

सदाशिवपेठी

शंभर रुपये दंड म्हणजे शंभर रुपयांत ट्रॉली रात्रभर दारात. पावती देणार ना?

नेकारकाठचा

खजिनदारसाहेब, मी श्टुटगार्टजवळ राहतो. आठवड्याचा बाजार आणायचं खातं घरात माझ्याकडे असल्यामुळे या विषयावर बोलायचा अधिकार आहे असं समजतो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एक बघा: तुमच्या ट्रॉल्या एकात एक घुसतात ना? मागची जाळी बिजागरीवर वर उचलली जाते आणि मागून येणारी ट्रॉली आत सरकते, तशा? नसतील तर खालचं सगळं तुमच्या उपयोगाचं नाही. ट्रॉली तशी १९३७ ची. ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराला ती घडीच्या खुर्चीवरून सुचली. लोक ती हातात घेईनात, तेव्हा त्याने पगारी माणसं ठेवून ती दुकानातून ढकलत फिरवली. पण एकात एक बसणारी ट्रॉली त्यानंतर १९४६ मध्ये कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसनने काढली, आणि कुलपाचा सगळा खेळ त्या घुसण्यावर उभा आहे.

आता यंत्र. ढकलायच्या दांड्यावर प्लॅस्टिकची एक डबी असते. डबीला वीतभर साखळी, साखळीच्या टोकाला चपटी किल्ली. ट्रॉल्या रांगेत एकात एक उभ्या असतात तेव्हा पुढच्या ट्रॉलीची किल्ली मागच्या ट्रॉलीच्या डबीत खोचलेली असते. अशी सगळी रांग एकमेकींना बांधलेली. तुम्ही शेवटच्या ट्रॉलीच्या डबीत नाणं सरकवलंत की खट् आवाज होतो आणि पुढचीची किल्ली बाहेर उसळते. तुमची ट्रॉली सुटली, पण तुमचं नाणं तिच्या पोटात अडकलं. ते सोडवायचा सरळ मार्ग एकच. ट्रॉली परत रांगेत न्यायची, दुसरीत घुसवायची, दुसरीची किल्ली आपल्या डबीत खोचायची. नाणं बाहेर.

यातली खुबी लक्षात घ्या. ट्रॉली कुठे ठेवायची याची पाटी लावावी लागत नाही. जिथे दुसरी ट्रॉली उभी आहे तिथेच नाणं सुटतं. पार्किंगच्या कोपऱ्यात एकटीला सोडून काही हाती लागत नाही. आणि बघायला कुणी माणूस लागत नाही. वॉचमन नाही, कॅमेरा नाही, नोटीस नाही.

बहुतेक डब्या ५० सेंट, १ युरो, २ युरो यातलं काहीही घेतात. आमच्या घरमालकीणबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या आहेत. त्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात अजून एक मार्कचं नाणं आहे, खास ट्रॉलीसाठी. २००२ उजाडताना मार्क जाऊन युरोची नाणी हातात आली, पण एक मार्कचा व्यास २३.५ मिलिमीटर आणि एक युरोचा २३.२५, डबीला कुठला फरक कळतोय! बुंडेसबँक, म्हणजे इथली रिझर्व्ह बँक, आजही जुने मार्क बदलून देते. मी बाईंना तसं सुचवलं तर म्हणाल्या, "मग ट्रॉलीला काय घालू?" आपलं पाच रुपयांचं जुनं पिवळं नाणं २३ मिलिमीटरचं आहे, त्यामुळे भारतातून नवीन आलेली पोरं पहिला महिनाभर काय करतात ते तुम्हीच ओळखा.

त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे चिप. नाण्याएवढा प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा बिल्ला, भोक पाडून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला. औषधाची दुकानं फुकट वाटतात, बँका वाटतात, निवडणूक आली की पक्षवाले चौकात टेबल मांडून वाटतात. (आमच्या स्वयंपाकघराच्या खणात जवळपास सगळे पक्ष सुखाने एकत्र नांदताहेत.) किंमत म्हणाल तर शून्य. तरी चिप घातलेली ट्रॉलीसुद्धा लोक इमानदारीत परत नेतात. तेव्हा लोक युरोसाठी मागे चालत जातात हे माझ्या मते अर्धंच खरं. आपली वस्तू कुठेतरी अडकून पडलीय ही टोचणी त्यांना नेते. शिवाय चिप गेली की पुढच्या शनिवारी दुकानाच्या दारात सुटं शोधत उभं राहावं लागतं. रविवारी इथे दुकानं बंद असतात, त्यामुळे शनिवारी सगळं गाव तिथे लोटलेलं असतं आणि मागे लाइन.

रिकामी ट्रॉली घेऊन परत निघालात की समोरून येणारा कुणीतरी हातातला युरो दाखवतो. युरो तुम्ही घ्यायचा, ट्रॉली त्याने. दोघांचीही पायपीट वाचते. एकदा एका आजोबांनी असा युरो पुढे केला. मी म्हटलं, आजोबा, आत चिप आहे, युरो नाही. त्यांनी युरो खिशात टाकला, जुडग्यातून स्वतःची चिप सोडवली, माझ्या तळहातावर ठेवली आणि ट्रॉली घेऊन गेलेसुद्धा. त्या चिपवर एका दातांच्या डॉक्टरची जाहिरात होती, अजून माझ्याकडे आहे.

यात जर्मन माणूस जन्मतः शहाणा वगैरे काही नाही. त्याला अनामतीची सवय आहे. पाण्याच्या, कोल्डड्रिंकच्या एकदा वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये बाटली घातली की परत. नाताळच्या बाजारात गरम वाइनचा मग घेतला तरी मगाचे पैसे वेगळे, मग परत दिला की पैसे परत. लहानपणापासून हेच बघितलेलं. आणि तरीही आमच्या स्टेशनामागच्या झुडपात चाकं वर करून पडलेली ट्रॉली अधूनमधून दिसतेच. उलट काही दुकानांनी आता कुलपं ठेवलेलीच नाहीत, तिथेही रांग बऱ्यापैकी सरळ असते. सवय लागली की कुलूप काढलं तरी ती काही काळ टिकते, असं दिसतं.

दुकानदार हे का करतो? माणसं वाचवायला. आल्डीसारख्या दुकानात गल्ल्यावरचीच मंडळी मधल्या वेळात माल लावतात. ट्रॉल्या गोळा करायला वेगळा पोऱ्या ठेवला तर तो खर्च दुधाच्या भावात येणार. आल्डीने अमेरिकेतही हेच केलं, तिथे पाव डॉलरचं नाणं लागतं. बाकीची बरीचशी अमेरिका पार्किंगमध्ये ठिकठिकाणी कठडे उभारते आणि ट्रॉल्यांची लांबलचक माळ ढकलत नेणारी मुलं कामाला ठेवते. दोन्ही चालतं, फक्त कुणाचे पाय वापरायचे एवढाच फरक.

एक अवांतर. कोरोनात याच ट्रॉल्यांनी माणसं मोजायचं काम केलं. आत जितक्यांना परवानगी तितक्याच ट्रॉल्या बाहेर ठेवायच्या, आणि ट्रॉलीशिवाय प्रवेश नाही. मला एक कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा ट्रॉली घेऊन जावं लागलंय.

वाकडकर_खजिनदार

नेकारकाठचे, दंडवत घ्या. ट्रॉल्या बघून आलो, एकात एक घुसतात.

पण पहिलीच अडचण: नाणी आहेत कुणाकडे? आमच्याकडे भाजीवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे क्यूआर कोड लावून बसलेत. दहाचं नाणं दिलं तर रिझर्व्ह बँकेने किती वेळा सांगितलं तरी काही जण अजून "हे चालत नाही" म्हणून परत करतात. बेसमेंटमध्ये दोन्ही हातात पिशव्या घेऊन उभा असलेला माणूस नाणं कुठून काढणार? तो सरळ वॉचमनकडे मागेल, आणि वॉचमनचे पैसे गेले की ते भांडण पुन्हा माझ्याच टेबलावर.

लेस्टरचा_पाहुणा

म्हणूनच सरकारी नाण्याच्या भानगडीत पडू नका. इकडे ब्रिटनमध्ये २०१७ च्या मार्चमध्ये बारा कोनांचा नवीन पाउंड आला आणि १५ ऑक्टोबरला जुना गोल पाउंड चलनातून बाद झाला. नवा पाउंड जुन्यापेक्षा थोडा रुंद. ट्रॉलीची कुलपं जुन्याच्या मापाची! दुकानांना ती बदलत बसावं लागलं. तुम्ही तुमचे बिल्ले काढा, तुमच्या मापाचे. रिझर्व्ह बँकेशी संबंधच नको.

दुसरा प्रकार इकडे आहे तो चाकाचा. पार्किंगच्या हद्दीवर जमिनीखाली तार पुरलेली असते, तिच्यातून हलका सिग्नल चालू असतो. ट्रॉली त्या रेषेवरून गेली की एका चाकातला ब्रेक आपोआप बसतो आणि ट्रॉली जागच्या जागी रुतते. मोठमोठ्या दुकानांना परवडतं. तुम्हाला नको, तुमच्या ट्रॉल्या बाहेर जातच नाहीत, त्या वर जातात.

माल_लावणारा

मी पुण्यात एका मोठ्या दुकानात काही वर्षं काम केलंय (नाव सांगत नाही). आमच्याकडे नाणं नाही, कुलूप नाही. दाराबाहेर लोखंडी खांब, दोन खांबांमधून माणूस जातो, ट्रॉली जात नाही. तेवढंच. बाकी आम्ही पोरं. रविवारी संध्याकाळी बेसमेंटमधून रांग ढकलत आणायची आणि सरकत्या पट्ट्यावर चढवायची. त्या पट्ट्याच्या खाचांत चाकं बसतात म्हणून ट्रॉली उतारावर घसरत नाही. चाक झिजलेलं असलं की मात्र पकडत नाही, आणि मग ती ट्रॉली आपल्या अंगावर येते. साहेब, पोरांनी शर्यतीत खराब केलेली ती ट्रॉली आधी दुरुस्त करून घ्या. लोक वाकडं चाललेलं चाक असलं की ती आहे तिथेच टाकून देतात, परत कोण ढकलेल.

जुराँगवाली

नेकारकाठच्या दादांचं सगळं मान्य, पण एक गोष्ट त्यांच्याकडे नाही आणि आमच्याकडे सिंगापूरला आहे: लिफ्ट.

आमच्याकडेही सुपरमार्केटच्या ट्रॉलीला डॉलरचं नाणं लागतं. तरीही ट्रॉल्या घरापर्यंत येतात. सरकारी इमारतींच्या खाली तळमजला मोकळा ठेवलेला असतो, तिथे खांबाच्या आडोशाला किंवा लिफ्टच्या दाराशी एखादी उभी असते. बस थांब्यावर असते. आत डॉलर तसाच. लोकांचा हिशोब सरळ आहे. दहा किलो तांदूळ, तेलाचा कॅन, डायपरचा गठ्ठा आणि कडेवर मूल, एवढं एका डॉलरमध्ये घराच्या लिफ्टपर्यंत येत असेल तर टॅक्सीपेक्षा स्वस्त आहे की. आमच्या ब्लॉकखाली एक म्हातारे काका येतात, अशी ट्रॉली दिसली की शांतपणे ढकलत दुकानात नेतात आणि डॉलर खिशात टाकतात. त्यांची चहाची सोय होते, दुकानाची ट्रॉली परत मिळते, आणि ज्याने सोडली त्याला काही वाटत नाही. कारण त्याच्या लेखी त्याने भाडं दिलंय.

जर्मनीत सामान डिकीत टाकलं की ट्रॉलीची रांग तिथून पन्नास पावलांवर. तुमच्याकडे माणूस आधी नवव्या मजल्यावर जाणार, सामान उतरवणार, चपला काढणार, पंखा लावणार. त्यानंतर त्याने पुन्हा लिफ्टची वाट बघायची, खाली जायचं, बेसमेंटच्या दुसऱ्या टोकाला ट्रॉली लावायची आणि हात हलवत परत यायचं. दहा रुपयांत मी नाही जाणार. खरं सांगा, तुम्ही जाल?

तेव्हा कुलूप लावायच्या आधी ट्रॉल्या कुठे उभ्या असतात ते बघा. बेसमेंटच्या गेटजवळ एकच जागा असेल तर ती मोडा. प्रत्येक विंगच्या लिफ्टसमोर, दार उघडलं की दिसेल अशी रांग करा. म्हणजे लिफ्टमधून बाहेर एक पाऊल, ट्रॉली आत, बिल्ला हातात, आणि त्याच लिफ्टने वर.

वारा_आणि_सायकल

मी ग्रोनिंगेनला असते, उत्तर नेदरलँड्समध्ये, आणि आमच्या गावात ट्रॉल्यांवरचा एक फार छान प्रयोग झालेला आहे. इथल्या विद्यापीठाचे कायझर, लिंडेनबर्ग आणि स्टेग यांचा, २००८ साली 'सायन्स'मध्ये आला होता. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये "ट्रॉल्या परत ठेवा" अशी सूचना होती. संशोधकांनी तिथल्या गाड्यांच्या काचांवर जाहिरातीचे कागद खोचले आणि बघत बसले, कागद कोण जमिनीवर टाकतो. पार्किंग नीट, एकही ट्रॉली इकडेतिकडे नाही, तेव्हा ३० टक्के लोकांनी कागद खाली टाकला. मग त्यांनी चार ट्रॉल्या अशाच सोडून दिल्या. तेव्हा आकडा गेला ५८ टक्क्यांवर. त्या चार ट्रॉल्या मध्येच कुणी घेऊन जाऊ नये म्हणून दांड्यांना व्हॅसलीन फासून ठेवलं होतं. मला प्रयोगापेक्षा ही युक्ती जास्त आवडली. तुमच्या पोडियमवरच्या शर्यतपटूंसाठी विचार करा.

म्हणजे कुंड्यांची ट्रॉली नुसती कुंड्यांची नाही. ती बघून उरलेले मजले ठरवतात की इथे असंच चालतं. नोटीस लावलीय आणि ती कुणी पाळत नाही हे रोज लिफ्टमध्ये दिसत असेल, तर ती नोटीस काढून टाकलेली बरी.

आणि चेअरमनसाहेबांच्या दंडासाठी: सदाशिवपेठींनी विनोद केला, पण तो इस्रायलमध्ये खरा झालाय. हैफा शहरात दहा पाळणाघरांत मुलांना न्यायला आईवडील उशिरा यायचे. ग्नीझी आणि रुस्टिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यातल्या सहा ठिकाणी उशिराला छोटा दंड लावून बघितला. उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, साधारण दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता पैसे भरलेत म्हटल्यावर लाज कसली! पुढे दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही. लेख २००० साली प्रसिद्ध झाला, चेअरमनसाहेबांना छापून द्या.

ठाणे_पश्चिम

दंड लावायचाच असेल तर सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी लागेल, नुसत्या कमिटीच्या ठरावावर बिलात टाकू नका. कुणीतरी रजिस्ट्रारकडे जातंच. अनुभवाचे बोल.

माझी सूचना: बिल्ले काढताय तर प्रत्येक बिल्ल्यावर फ्लॅट नंबर कोरा. प्रत्येक घराला एक. ट्रॉली टेरेसवर सापडली तरी डबीत बघितलं की कळलं, बी-९०४. चौकशी नको, कॅमेरा नको. हरवला तर नवीन बिल्ला दोनशे रुपये. ही अनामत नाही आणि दंडही नाही, ही बिल्ल्याची किंमत आहे.

नेकारकाठचा

जुराँगवाली ताईंचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आमच्याकडे ट्रॉली घरात नेणारा माणूस म्हणजे विद्यार्थी वसतिगृहातलं पोरगं, एवढंच.

पण ठाणेकर, नंबर कोरायला माझा विरोध. या कुलपाचं सगळ्यात मोठं सुख हे की कुणी कुणाला पकडत नाही. नंबर आला की वॉचमन फोटो काढणार, फोटो ग्रुपवर येणार, ९०४ वाले म्हणणार आमच्याकडे पाहुणे होते, ८०२ वाले म्हणणार तुमच्याकडे नेहमीच पाहुणे असतात, आणि रात्री अकराला खजिनदारसाहेब खुलासा टाइप करत बसणार. साधा बिल्ला ठेवा. ट्रॉली वर सापडली तर जो खाली आणेल त्याला आतला बिल्ला. मावशींनी आणली तर त्यांनी तो ऑफिसात द्यावा आणि सोसायटीने त्यांना वीस रुपये द्यावेत. ज्याचा बिल्ला गेला तो ऑफिसात येऊन दोनशे भरून नवा नेईल. त्याला कुणी काही बोलायची गरज नाही.

ठाणे_पश्चिम

मग लोक एकमेकांचे बिल्ले उसने नेतील.

नेकारकाठचा

नेऊ देत की. उसना आणलेला बिल्ला तर जास्तच लवकर सोडवून आणतील, शेजारीण मागायला येते.

सदाशिवपेठी

आमच्याकडे शेजारीण मागायला आली तर बिल्ला नाही, आधी अर्धा तास बसायला लागतं. त्यापेक्षा दोनशे रुपये परवडले.

वाकडकर_खजिनदार

सगळ्यांचे आभार. कालच्या बैठकीत हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. हैफाच्या पाळणाघरांवर चेअरमनसाहेब बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ते इस्रायल आहे." पण दंडाचा विषय सर्वसाधारण सभेपर्यंत पुढे गेला.

ठरलंय ते असं. गेटजवळची जागा रद्द. प्रत्येक विंगच्या लिफ्टसमोर बेसमेंटमध्येच पट्टे मारून ट्रॉल्यांची रांग. तिथे एका सभासदाची जुनी बुलेट ताडपत्री घालून उभी आहे, ती हलवायचं काम सेक्रेटरींनी घेतलंय. वाकडं चाक बदलायला माणूस येऊन गेला. कुलपं आधी फक्त बी विंगला लावून बघायची. बिल्ले बिनानंबरचे, मतदानाने, एका मताने. मावशींना दर ट्रॉलीमागे वीस रुपये देण्यावर मात्र एकमत झालं, आश्चर्य आहे.

लिफ्टमधली नोटीस काढली. खाली डिंकाचा चौकोन राहिलाय.

आता साखळीची कुलपं पुण्यात किंवा मुंबईत कुठे मिळतील? ऑनलाइन शोधलं तर घाऊक दिसतात, शेकड्याने. आम्हाला मूठभर हवीत. कुणाला विक्रेता माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि घेताना काय बघायचं?

नेकारकाठचा

दोन गोष्टी. एक, ट्रॉलीच्या दांड्याचा व्यास कॅलिपरने मोजून ठेवा, डबीचा पट्टा त्या मापाचा लागतो. गोल आहे की लंबगोल तेही बघा. दुसरं, साखळीची लांबी. दोन ट्रॉल्या पूर्ण आत घुसवल्यावर दांड्यापासून दांड्यापर्यंत जेवढं अंतर उरतं त्यापेक्षा ती थोडीच जास्त हवी. फार लांब घेतलीत तर लोक ट्रॉली आत न ढकलता लांबूनच किल्ली खोचतील आणि रांग लिफ्टच्या दारापर्यंत येईल. आणि पोरांची बोटं अडकतील ते वेगळंच.

माल_लावणारा

व्यनि केलाय. आमच्या जुन्या दुकानाला चाकं पुरवायचा तो माणूस भोसरीत आहे, सुटी कुलपं ठेवत असेल तर त्याच्याकडेच मिळतील. सकाळी अकरानंतर जा, आधी शटर बंद असतं.